दिवा हिरवा, तरी नेट नाही

सदर : घर आणि शाळा



अभ्यास, परीक्षा, वाचन हे आपले नेहमीचे विषय. या महिन्यात ते बाजूला ठेवून एका छोट्या डबीविषयी लिहिते. ही डबी आता शाळेच्या ऑफिसात, मोहल्ल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात, टेलरिंगच्या गाळ्यात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, सगळीकडे भिंतीला टांगलेली दिसते. तिचे नाव राउटर. ती चालू असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. नेट बंद पडले की सगळे तिच्यावरच तुटून पडतात, आणि पुष्कळदा दोष तिचा नसतोच. हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवसाची हकिगत आधी सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून लपवत नाही.

एनएमएमएस शिष्यवृत्ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. केंद्र सरकारची योजना आहे. आठवीत परीक्षा द्यायची. महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या किंवा मुलीच्या बँक खात्यात येतात. पण ते आपोआप येत नाहीत. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि शाळेने तो आपल्या लॉगिनमधून तपासून पुढे पाठवावा लागतो. शाळेने आपले काम केले नाही, तर मुलीची सगळी मेहनत तिथेच अडकते.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत अशा नऊ मुलींचे अर्ज तपासायचे राहिले होते, आणि तो शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलात, असे तुम्ही विचाराल. चाचणीचे पेपर होते, सर्वेक्षण होते, आणि त्याहून मोठे म्हणजे आपले लाडके ‘उद्या करू’ होते.

सकाळी दहा वाजता एका मुलीची अम्मी कागदांची पिशवी घेऊन वडाळा गावातून आली. काही कमी-जास्त असेल तर हातोहात देता यावे, म्हणून. ती घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. ऑफिसातल्या बाकावर बसलेला प्रत्येक तास म्हणजे तिच्या हिशेबात एक साडी कमी. क्लार्कसाहेबांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि मान वर न करताच म्हणाले, “टीचर, नेट नाही.”

मी मोबाइल काढला. वाय-फायच्या रेषा पूर्ण भरलेल्या. “आहे की नेट!” मी म्हणाले. पण काहीच उघडेना. मग प्रत्येक ऑफिसात होते तेच आमच्याकडे झाले. शिपाईमामूंनी सगळ्या वायरी हलवून पाहिल्या. एक जण म्हणाले, रात्रीच्या पावसाने झाले. दुसरे म्हणाले, रस्ता खणलाय, केबल तुटली असणार. मी कुठेतरी ऐकले होते की, राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असते, त्यात टाचणी घालून दाबले की सगळे ठीक होते. मी टाचणी घेतली आणि दाबली. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले, आणि आता तर शाळेच्या वाय-फायचे नावही दिसेनासे झाले.

कंपनीकडे तक्रार केली. लाइन दुरुस्त करणारा मुलगा आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात मराठी शिकलेला. त्याने डबीकडे पाहिले, ऑफिसला एक फोन लावला आणि म्हणाला, “टीचर, लाइन ठीक आहे, राउटरही ठीक आहे. तुमचा वर्षाचा प्लॅन काल रात्री बाराला संपलाय. आणि हे रीसेट कोणी केलं?”

प्लॅन संपत आल्याचे मेसेज आठवडाभर येत होते. ते जात होते मे महिन्यात निवृत्त झालेल्या जुन्या क्लार्कसाहेबांच्या मोबाइलवर, कारण कनेक्शन त्यांच्याच नंबरवर नोंदलेले. ते गावी. जाहिरात समजून त्यांनी मेसेज सोडून दिले. पैसे भरायला पाच मिनिटे लागली. तेवढ्यावर नेट सुरू झाले असते. पण मी टाचणीने राउटरमधले युजरनेम आणि पासवर्ड पुसून टाकले होते आणि ते शाळेत कोणीच लिहून ठेवले नव्हते. त्या शोधाशोधीत आणखी दीड तास गेला.

निघताना तो मुलगा म्हणाला, “टीचर, रागावू नका, पण सकाळी मोबाइलचं हॉटस्पॉट का नाही लावलं?” ऑफिसात पाच जणांच्या खिशात पाच मोबाइल होते. कोणाच्याच मनात आले नव्हते.

संध्याकाळी पोर्टलवर गर्दी. पान उघडायला दहा-दहा मिनिटे. रात्री आठपर्यंत आठ अर्ज गेले. नववा त्या वडाळा गावच्या मुलीचा. उघडला तेव्हा दिसले की, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडलाय. तिची अम्मी दुपारी एकपर्यंत बसून थकून परतली होती. फोन केला, तर बिचारी नवा दाखला घेऊन रात्री पुन्हा आली. पण दुरुस्ती मुलीच्या लॉगिनमधून व्हायला हवी, आणि तिच्या मोबाइलवर ओटीपी येता येईना. बारा वाजले. अर्ज राहिला. ती मला काही बोलली नाही. “चला टीचर, तुम्हालाही उशीर झाला,” एवढेच म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

चार दिवसांनी मुदत वाढल्याची सूचना आली आणि तो अर्जही गेला. ही अल्लाहची मेहेरबानी. आमचे शहाणपण त्यात काहीच नव्हते.

तेव्हापासून मी या डबीचा थोडा अभ्यास केला. त्या मुलाला बसवून प्रश्न विचारले, ऑफिसात करून पाहिले. जे समजले ते क्रमाने सांगते. यातल्या कशालाही इंजिनिअर लागत नाही.

आधी काम, मग दुरुस्ती

नेट गेले की पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसावा. ‘आज काय अडले आहे?’ हा असावा. तातडीचे काम असेल तर मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करा आणि ते काम आधी उरका. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला वाय-फाय नसते, म्हणून लोक हात टेकतात. पण मोबाइल चार्जिंगच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडून सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की त्यालाही नेट मिळते. फक्त वायर नुसती चार्जिंगची नको, फोटो वगैरे पाठवता येणारी हवी. अर्ज तपासायला फार डेटा लागत नाही. काम मार्गी लागले की डोके शांत होते, आणि शांत डोक्याने टाचणी हातात घेतली जात नाही.

वाय-फाय म्हणजे नेट नव्हे

माझी पहिली चूक इथे झाली. वाय-फायच्या रेषा भरलेल्या दिसल्या आणि मी म्हणाले, नेट आहे. आपल्या नाशिकच्या पाण्याचे उदाहरण घ्या. गंगापूर धरणातून पाणी निघते, शुद्ध होऊन मोहल्ल्याच्या जलकुंभात येते, तिथून आपल्या घरावरच्या टाकीत, आणि टाकीतून मोरीतल्या नळाला. मोरीतला नळ छान फिरतो, गळत नाही, म्हणून टाकीत पाणी आहे असे होत नाही. वाय-फाय हा टाकीपासून मोरीपर्यंतचा पाइप. मोबाइलमधल्या रेषा एवढेच सांगतात की तुम्ही आणि राउटर यांच्यामधला पाइप ठीक आहे. राउटरमध्ये बाहेरून काही येते का, हा प्रश्न वेगळा.

म्हणून शोध घ्यायचा तो नळापासून धरणाकडे, जवळून दूर. आपण बरोबर उलटे करतो. पहिल्याच मिनिटाला म्हणतो, केबल तुटली, कंपनी चोर आहे.

पायरी पायरीने

पहिली पायरी : एकाच यंत्रावर बंद आहे की सगळ्यांवर? दुसऱ्याच्या मोबाइलवर वाय-फायने नेट चालत असेल (त्याचा मोबाइल डेटा बंद करून पाहा), तर राउटरला हात लावू नका. दोष त्या एका यंत्राचा आहे. शाळांतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक गंमत होते. आतला नाण्याएवढा सेल संपतो आणि तारीख मागे जाते. कॉम्प्युटर समजतो की आपण जुन्याच कुठल्यातरी वर्षात आहोत, आणि मग बँक, सरकारी पोर्टल अशा सुरक्षित साइट उघडायला नकार देतो. कोपऱ्यातली तारीख बघा. ती बरोबर केली की पुष्कळदा तेवढ्यावर भागते. सेल थोड्या पैशांत बदलून मिळतो.

दुसरी पायरी : वीज. दिवे मंद असतील किंवा डबी सारखी आपोआप बंद-चालू होत असेल, तर अडॅप्टर थकला असण्याची शक्यता मोठी. दुसरा लावायचा तर डबीच्या मागे लिहिलेले व्होल्टचे आकडे जुळवा. पिन बसते म्हणून कुठलाही अडॅप्टर लावू नका. १२ व्होल्टच्या जागी ९ व्होल्टचा लावला तर डबी अर्धवट चालेल. ९ च्या जागी १२ चा लावला तर जळू शकेल.

तिसरी पायरी : दिवे वाचा. हल्ली नेट काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून येते. अशा डबीवर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा म्हणजे काचेतून प्रकाश पोहोचतो आहे, कंपनीशी जोडणी आहे. एलओएस लाल लुकलुकतो म्हणजे प्रकाश पोहोचत नाही. तार तुटली असेल, सुटली असेल किंवा कपाटामागे दुमडली गेली असेल. तांब्याची तार दुमडली तरी चालते. काचेची तार जोरात दुमडली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. म्हणून ती खिळ्याला गुंडाळू नका, दारात दाबू नका. तिच्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नका; आतला प्रकाश लेझरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. एलओएस लाल असेल तर आपले काम संपले, कंपनीला फोन करा. पॉन हिरवा, पण ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद असेल तर रस्ता आहे, परवानगी नाही. आमच्याकडे नेमके हेच होते. मी दिवे पाहिले, वाचले नाहीत.

चौथी पायरी : वायरी. निळी किंवा करडी नेटवर्कची वायर बसवताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तिच्या टोकाची प्लास्टिकची बारीक जीभ तुटली की ती हळूहळू सुटत जाते. राउटर वेगळा आणि फायबरची डबी वेगळी असेल, तर बाहेरून येणारी वायर राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत हवी. ती बहुधा वेगळ्या रंगाची असते. झाडलोट करताना कोणी वायर काढून शेजारच्या खाचेत खोचली, की सगळे दिवे लागतात पण नेट येत नाही.

पाचवी पायरी : बंद-चालू. फायबरची डबी आणि राउटर दोन्ही बटणाने बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी फायबरची डबी सुरू करा, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर. मग दोन-तीन मिनिटे हात बांधून बसा. दर दहा सेकंदांनी पुन्हा बंद करणारे लोक त्या बिचाऱ्या डबीला उठून उभेही राहू देत नाहीत.

सहावी पायरी थोडी पुढची, घरातल्या कॉलेजच्या मुलांना सांगा. कॉम्प्युटरला राउटरकडून एक पत्ता मिळतो. तो साधारण १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरशी बोलणे झाले आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. दोष आतल्या वायरीत किंवा राउटरमध्ये. आणि ८.८.८.८ या पत्त्याला ‘पिंग’ केल्यावर उत्तर येते, पण नावाने एकही साइट उघडत नाही, तर दोष नाव-पत्त्याच्या डायरीत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. लाइन चालू आहे, फक्त डायरी हरवली आहे. सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हाच ८.८.८.८ पत्ता घातला की बहुधा काम होते. हे आकडे टाइप करताना मात्र इंग्रजी घ्या.

सातवी पायरी, जी आमच्यासाठी पहिली असायला हवी होती : पैसे भरलेत का? कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बिलावर प्लॅनची तारीख पाहा. नोंदलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे तेही पाहा.

टाचणीपासून सावध

रीस्टार्ट आणि रीसेट हे दोन शब्द बहिणी वाटतात, पण नाहीत. रीस्टार्ट म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवणे. रीसेट म्हणजे त्याला नाव, गाव, घरचा पत्ता सगळे विसरायला लावणे. रीसेट केल्यावर राउटर कारखान्यातून आला तसा होतो. कंपनीचे युजरनेम-पासवर्ड जातात, तुम्ही ठेवलेले वाय-फायचे नाव जाते, आणि डबीच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला पासवर्ड पुन्हा लागू होतो. कंपनीच्या माणसाने सांगितल्याशिवाय आणि ती माहिती हाताशी असल्याशिवाय त्या छिद्राकडे बघू नका.

तक्रार करताना

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या ॲपमधून घ्या. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नका. ठगांनी तिथे आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. फोनवरचा माणूस म्हणाला की हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा, ओटीपी सांगा, तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त.

तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीचा निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. आणि सांगताना “नेट बंद आहे” एवढेच सांगू नका. “पॉन हिरवा आहे, एलओएस बंद आहे, इंटरनेटचा दिवा लाल आहे, बंद-चालू करून पाहिले” असे सांगा. डॉक्टरला ‘बरे वाटत नाही’ म्हणणे आणि ‘दोन दिवस ताप आहे, खोकला आहे’ म्हणणे यात जो फरक, तोच इथे.

वहीतले एक पान

आता आमच्या ऑफिसात हजेरीपटाच्या कपाटात एक वही आहे. पहिल्या पानावर कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, युजरनेम, नोंदलेला मोबाइल, प्लॅन संपण्याची तारीख आणि तक्रारीचा नंबर लिहिला आहे. पासवर्ड त्याच पानावर नाही. तो बंद पाकिटात मोठ्या मॅडमच्या कपाटात. नोंदलेला मोबाइल आता शाळेच्या नावावरचा आहे. माणसे निवृत्त होतात, बदलून जातात; नंबर शाळेकडे राहायला हवा.

मध्यंतरी पुन्हा एकदा नेट गेले. क्लार्कसाहेबांनी मोबाइलला वायर लावून काम सुरू ठेवले, दिवे पाहिले, एलओएस लाल दिसला, फोन करून क्रमांक वहीत लिहिला. सगळे मिळून दहा मिनिटे. मामू वायरी हलवायला उठले होते, त्यांना आम्ही चहा देऊन बसवले. ती वडाळा गावची मुलगी आता दहावीत आहे. तिचा या वर्षीचा अर्ज मुदतीच्या बारा दिवस आधी गेला. तिच्या अम्मीला यावेच लागले नाही.

लाइनवाल्या त्या मुलाचे एक वाक्य मात्र मनातून जात नाही. चहा घेताना हसत म्हणाला होता, “टीचर, तुम्हीच शिकवायचात ना, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा?” मी वीस वर्षे हे फळ्यावर लिहिते आहे. त्या दिवशी डबीवरचे चार दिवे वाचले नाहीत आणि उत्तर लिहायला टाचणी उचलली.

तर या महिन्याचा गृहपाठ. आज मगरिबनंतर दहा मिनिटे काढा. घरातले, दुकानातले नेटचे शेवटचे बिल शोधा. त्यावर नोंदलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे आणि प्लॅन कधी संपतो, ते एका कागदावर लिहा आणि राउटरशेजारी चिकटवा. ज्या घरात एखादी मुलगी अर्ज भरणार असेल, तिथे हे आजच करा. उद्या नको.